वनौषधी वापरायला सुरुवात करताना: नाशिककरांसाठी कुंडीपासून काढ्यापर्यंत

नाशकात झाडपाल्याला तोटा नाही. त्र्यंबकला गेलं की जडीबुटीवाले मुळ्या-कंद मांडून बसलेले दिसतात. पावसाळ्यात पेठ-सुरगाण्याकडच्या बायका बाजारात रानभाज्या घेऊन येतात. सोसायटीच्या कंपाउंडवर कोणीही न लावता गुळवेल चढलेली असते आणि मोबाइलवर रोज सकाळी एक नवा काढा येतो. इतकं सगळं हाताशी असताना नवख्या माणसाला नेमकं कुठून सुरू करावं ते कळत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. वनस्पतीत खरोखर औषध असतं, आणि म्हणूनच तिला औषधासारखं वागवावं लागतं. ओळख पटवायची, मोजून घ्यायची, एका वेळी एकच घ्यायची. 'नैसर्गिक आहे, काही होत नाही' हे वाक्य मला फार धोक्याचं वाटतं. जे काही करत नाही त्याचा अपाय होत नाही हे खरं, पण मग त्याचा उपयोगही होत नाही.

अडुळशाचंच घ्या. त्याच्या पानांत व्हॅसिसिन नावाचं अल्कलॉइड असतं. त्याच्याच रचनेवरून ब्रोमहेक्सिन आणि पुढे अँब्रॉक्सॉल ही औषधं तयार झाली, जी आज मेडिकलमधल्या कफाच्या बऱ्याच बाटल्यांत सापडतात. सर्पगंधेचं उदाहरण याहून मोठं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात तिचा रक्तदाबावरचा परिणाम मांडला, 1952 साली तिच्या मुळातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि जगभर ते वापरात आलं. पण त्याच रिसर्पिनमुळे काही रुग्णांना तीव्र नैराश्य येतं हेही लक्षात आलं. म्हणजे गुण आणि अपाय एकाच मुळात. म्हणून सर्पगंधा घरी वापरायची नाही, अडुळसा जपून वापरायचा.

आधी तक्रार ठरवा

झाड नंतर, तक्रार आधी. साधी सर्दी, घसा खवखवणं, कफाचा खोकला, गॅस, जडपणा, प्रवासातली मळमळ, नेहमीचं बद्धकोष्ठ, किरकोळ भाजणं, एवढ्याच गोष्टींसाठी घरचा उपाय करा. या तक्रारी बहुतेक वेळा आपोआपही बऱ्या होतात, झाडपाला त्यात आराम देतो.

दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, थुंकीत रक्त, तीन दिवसांत न उतरलेला ताप, कारण नसताना घटणारं वजन, छातीत दुखणं, धाप, यात काढा करत बसू नका. दुखणं अंगावर काढायची आपली सवय इथे फार महाग पडते. दोन आठवड्यांच्या खोकल्याला थुंकीची तपासणी हवी, ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

काविळीबद्दल जरा जोर देऊन सांगते, कारण आपल्याकडे अजूनही कावीळ झाली की माणूस आधी झाडपाल्याचं औषध देणाऱ्याच्या दारात जातो. कावीळ हे लक्षण आहे. त्यामागे विषाणू असेल, पित्ताचा खडा असेल, दारू असेल किंवा आधी घेतलेलं एखादं औषधच असेल. हेपॅटायटिस ए बहुतेकांचा आपोआप बरा होतो आणि श्रेय झाडपाल्याला जातं. पण खडा अडकलेला असेल तर झाडपाल्यात घालवलेले दहा-बारा दिवस जिवावर बेतू शकतात. शिवाय सुजलेल्या यकृतावर आणखी एका अनोळखी वनस्पतीचा भार कशाला टाकायचा? काविळीत पहिलं पाऊल रक्ततपासणी.

कुंड्या

तुळस, अडुळसा, गवती चहा, कोरफड आणि पानओवा. फ्लॅटच्या बाल्कनीत एवढं मावतं आणि सुरुवातीला एवढं पुरतं. गंगापूर रोडच्या रोपवाटिकांत ही सगळी रोपं सहज मिळतात. अडुळसा फांदी खोचली तरी जगतो, पानओवा तर तोडून टाकला तरी फुटतो. गच्ची किंवा कंपाउंड असेल तर गुळवेलीचा बोटभर जाडीचा, दोन-तीन पेरांचा तुकडा पावसाळ्याच्या तोंडाशी लावा.

कुंडीचा आग्रह का, तर नाशिकची हवा-माती चांगली असली तरी इथल्या शेतीचा एक भाग लक्षात ठेवावा लागतो. दिंडोरी, निफाडकडे ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षबागांवर डाऊनी आणि भुरी या रोगांसाठी फवारण्यांवर फवारण्या चालतात. बागेच्या बांधावर वाढलेली गुळवेल, माका, आघाडा कितीही टवटवीत दिसला तरी औषधासाठी तोडू नका. फवाऱ्याचा तुषार बांधावर पडतोच. तसंच नाल्याकाठची, गोदावरीत सांडपाणी मिसळतं त्या भागातली ब्राह्मी नको. ओलसर जागेतली ही वनस्पती पाण्यातले जड धातू शोषून घेते. रस्त्याच्या दुभाजकावरची कोरफडही सोडा.

ओळख पटवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. गुळवेल नीट ओळखायला शिकलात की बाकीच्या वनस्पती कशा पाहायच्या त्याची नजर आपोआप येते.

पान हृदयाच्या आकाराचं, गुळगुळीत. पण नुसत्या पानावर विसंबू नका, तसल्या पानाच्या वेली ढीगभर आहेत. खोड बघा. जुन्या खोडावर कागदासारखी पातळ, तपकिरी-करडी साल असते. ती नखाने खरवडली की चुरचुरत सुटते आणि खाली हिरवागार रंग दिसतो. खोड आडवं कापलं तर आत चाकाच्या आऱ्यांसारखी रचना स्पष्ट दिसते. वेल उंच गेली की वरून दोऱ्यासारखी बारीक मुळं खाली लोंबतात. जिभेवर तुकडा ठेवला की कडूपणा लगेच कळतो आणि बराच वेळ टिकतो.

आता तिची बहीण. टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची जात दिसायला जवळपास तशीच असते, पण तिच्या खोडावर चामखिळीसारखे उंचवटे भरपूर असतात. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेल सुरू झाली, आणि त्यानंतर मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं, की खरी गुळवेल सुरक्षित आहे आणि दुसऱ्या जातीशी गल्लत होऊ शकते. हा वाद आपण घरी बसून सोडवू शकत नाही. आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. उंचवट्यांची वेल वापरायची नाही, आणि आधीच यकृताचा त्रास किंवा संधिवात, ल्युपससारखा स्वप्रतिकारशक्तीचा आजार असेल तर खरी गुळवेलही स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. ज्यांना तब्येतीचा काही त्रास नाही त्यांनीही ती महिनोन्महिने रोज का घ्यावी, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

इतर गल्लती थोडक्यात. सोसायट्यांच्या भिंतीलगत उंच, सरळ वाढलेला 'अशोक' हा औषधी अशोक नव्हे. औषधात वापरतात तो सीताअशोक, त्याला खोडाफांद्यांवर केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात. ब्राह्मी म्हणून आपल्याकडे दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. एक गोल पानांची मंडूकपर्णी, दुसरी बारीक, मांसल पानांची जलब्राह्मी. विकणाऱ्याला नुसतं 'ब्राह्मी द्या' म्हणू नका, पान दाखवून मागा. धोतरा, कण्हेर, गुंज आणि बिब्बा यांच्या वाटेला घरगुती उपायांत जाऊच नका. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजून निघते.

पाहायला, शिकायला पांडवलेण्याच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान चांगलं आहे. पावसाळा संपता संपता जाणत्या माणसाबरोबर अंजनेरी किंवा ब्रह्मगिरीला जावं. मात्र तिथे काही उपटायचं नाही. अंजनेरीच्या नावाने ओळखलं जाणारं कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, अत्यंत दुर्मिळ आहे. सफेद मुसळी आणि इतर कंद तर खणूनच काढतात, म्हणजे झाडच जातं. औषधी कंद लागलाच तर लागवडीचा विकत घ्या.

काढा, फांट, हिम, रस

बहुतेक जण सगळंच पातेल्यात टाकून उकळतात. तुळस, आलं, मिरी, दालचिनी, गवती चहा, सगळं अर्धा तास रटरट. घरभर वास सुटतो. तो वास म्हणजेच पातेल्यातून निघून गेलेलं औषध! सुगंधी वनस्पतींचा गुण त्यांच्या उडनशील तेलात असतो आणि ते वाफेबरोबर जातं. म्हणून तुळस, गवती चहा, पुदिना, ओवा यांचा फांट करायचा. पाणी उकळून गॅस बंद करा, ठेचलेली पानं टाका, झाकण घट्ट ठेवा, दहा मिनिटांनी गाळून घ्या. झाकणाला आतून लागलेलं पाणीही कपातच झटका.

काढा कठीण गोष्टींचा. साल, मुळं, खोड, जाड पानं. शार्ङ्गधर संहितेत एका भागाला सोळा भाग पाणी घालून आठवा भाग उरेपर्यंत आटवायला सांगितलं आहे. घरी अडुळशासाठी मी असं करते: पिकायला आलेली, गडद हिरवी चार-पाच पानं धुऊन चिरायची, दोन कप पाण्यात मंद आचेवर झाकण न ठेवता अर्धा कप उरेपर्यंत आटवायचं, गाळायचं. भांडं स्टीलचं किंवा मातीचं, अ‍ॅल्युमिनिअमचं आणि तांब्याचं नको. ही मोठ्या माणसाची दिवसभराची मात्रा, दोन वेळांत विभागून. कोमट झाल्यावर मध घाला, उकळत्यात नको. तीन-चार दिवसांत फरक पडला नाही तर थांबा. काढा रोज ताजा करायचा, उरलेला दुसऱ्या दिवशी गरम करून प्यायचा नाही. आणि गरोदर बाईला अडुळसा देऊ नका, त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं.

हिम म्हणजे थंड पाण्यात रात्रभर भिजवलेलं. धणे भरडून सहापट पाण्यात भिजवायचे आणि सकाळी गाळून प्यायचे. एप्रिल-मे महिन्यात वाळ्याचंही असंच.

रसाच्या बाबतीत हात आखडता ठेवा, कारण त्यात सगळंच कच्चं आणि दाट असतं. दुधीचा रस आरोग्यासाठी पिणारे पुष्कळ आहेत. एखादा दुधी कडू निघाला तर तो रस एक घोटही पुढे प्यायचा नाही. कडू दुधीतल्या कुकुरबिटासिनने रक्ताच्या उलट्या होतात, माणसं दगावली आहेत. रस काढण्याआधी दुधीची चकती चाखून पाहा.

कोरफडीचं तंत्र वेगळं आहे. पान बुडापासून कापलं की कापलेल्या कडेतून पिवळसर चीक गळायला लागतो. गर आणि हा चीक या दोन निराळ्या गोष्टी. चीक तीव्र रेचक आहे, पोटात कळा आणतो. पान उभं, कापलेली बाजू खाली करून पेल्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. पेल्याच्या तळाला पिवळा, उग्र वासाचा थर जमतो. मग काटेरी कडा आणि साल काढून पारदर्शक गर धुऊन घ्या. भाजलेल्या जागी हा गर लावायला उत्तम, पण आधी ती जागा नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. पोटात घ्यायची कोरफड नवख्यांनी बाजूलाच ठेवा.

स्वयंपाकघरातलं आणि डब्यातलं

मळमळीवर आलं, हे अनेक चाचण्यांत टिकलेलं आहे. इसबगोलाने पोट साफ होतं आणि नियमित घेतल्यास वाईट कोलेस्टेरॉलही काहीसं उतरतं. एक ते दोन चमचे, मोठ्या पेलाभर पाण्यात, लगेच प्यायचा. कोरडा गिळला तर घशात फुगतो. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. आणि आपल्या नाशकात तर मनुका भरपूर. रात्री भिजवलेल्या दहा-बारा काळ्या मनुका सकाळी चावून खाणं, हा बद्धकोष्ठावर करून पाहायचा पहिला उपाय, इसबगोलाच्याही आधीचा. सोनामुखीची सवय मात्र लावून घेऊ नका, आतडी आळशी होतात असं जुने वैद्यही सांगतात.

घशासाठी ज्येष्ठमधाचा तुकडा चघळणं छान, चार दिवस. रोज, महिनाभर नको. त्यातल्या ग्लायसिरायझिनने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. बीपीची गोळी सुरू असणाऱ्यांनी तर टाळावंच.

आता कॅप्सूल. हळदीच्या कंदात करक्युमिन साधारण 2 ते 5 टक्के असतं. बाजारातल्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये 95 टक्के करक्युमिनचा अर्क असतो. म्हणजे 500 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल ही करक्युमिनच्या हिशेबाने 10 ते 24 ग्रॅम हळदीएवढी झाली. वर तिच्यात बरेचदा मिऱ्यातलं पिपेरिन असतं, ज्याने करक्युमिन रक्तात कितीतरी जास्त शोषलं जातं. आमटीतली हळद पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली म्हणून ही कॅप्सूलही तितकीच निर्धोक, असं समजू नका. अशा दाट अर्कांमुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी बऱ्याच देशांत झाल्या आहेत. डबीवर '10:1' लिहिलं असेल तर 10 किलो वनस्पतीचा 1 किलो अर्क, असा त्याचा अर्थ. चूर्णाचा चमचा आणि अर्काचा चमचा यांत दहापट फरक पडतो.

विकत घेताना डबी फिरवून मागची बाजू वाचा. आयुर्वेदिक औषध असेल तर तसं छापलेलं असतं, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि मुदत संपायची तारीख, घटकांची नावं आणि प्रमाण असतं. यातलं काही नसेल तर दुकानदार कितीही ओळखीचा असो, परत ठेवा. एफएसएसएआयचा क्रमांक असलेली डबी म्हणजे आहारपूरक, ते औषध म्हणून विकता येत नाही. मधुमेह, कर्करोग पूर्ण बरा करण्याची हमी देणारी जाहिरात तर 1954 च्या कायद्याने सरळ गुन्हा आहे. सिंहस्थाच्या गर्दीत अशा पुड्या खूप विकल्या जातील. बिननावाच्या पुडीत सांधे तीन दिवसांत मोकळे करणारी पावडर मिळाली, तर तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शंका घ्या.

जुन्या नाशकातल्या काष्ठौषधीच्या दुकानांतून अख्खं घ्या, दळलेलं नको. अख्खा हिरडा, अख्खी सुंठ, अख्खं ज्येष्ठमध ओळखता येतं. चूर्णात काय काय दळलं गेलं ते कोणाला कळणार? आणि पावसाळ्यात थोडं थोडं आणा, इगतपुरी-त्र्यंबककडच्या दमट हवेत चूर्णाला बुरशी लागायला वेळ लागत नाही.

लहान बाळं

बाळगुटीबद्दल घरातल्या मोठ्यांशी वाद होतो हे मला माहीत आहे, तरीही लिहिते. पहिले सहा महिने आईचं दूध, दुसरं काहीही नाही, पाणीसुद्धा नाही. वेखंडात बीटा-असारोन असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने गाठी झाल्याचं दिसल्यावर अमेरिकेत 1968 सालापासून वेखंड खाण्याच्या पदार्थांत वापरायला बंदी आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही नको, त्यातून बोटुलिझम होऊ शकतो. आजीला दुखवायचं नसेल तर सहाण-वेखंडाची पूजा करा, बाळाच्या जिभेवर लावू नका.

चालू गोळ्या, आणि कोणाला विचारायचं

शुगरची गोळी घेणाऱ्याने मेथी, कारल्याचा रस, गुडमार सुरू केलं तर साखर एकदम उतरू शकते. मेथी सुरू करा, पण मोजत राहा आणि गोळी स्वतः बंद करू नका. रक्त पातळ करायची गोळी असेल तर हळदीच्या, लसणाच्या कॅप्सूल नकोत. थायरॉइडची गोळी चालू असताना अश्वगंधा विचारल्याशिवाय नको, गरोदरपणात तर नकोच. ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधी सगळे अर्क बंद, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना काय घेत होतात ते सांगायचं.

डॉक्टर रागावतील म्हणून लोक लपवतात. लपवू नका. डबीचा, पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि दाखवा. वनौषधीचा सल्ला हवा असेल तर बीएएमएस झालेल्या, नोंदणी असलेल्या वैद्यांकडे जा. पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद सेवा संघाचं महाविद्यालय आणि रुग्णालय आहे, तिथे शिकवणारे वैद्य भेटतात. संशयाची वनस्पती असेल तर फुलाफांदीसकट ओला तुकडा घेऊन जा, वाळलेल्या चुऱ्यावरून कोणालाच खात्रीने सांगता येत नाही.

घरात एक वही ठेवा. काय घेतलं, किती, कधीपासून, काय वाटलं. एका वेळी एकच वनस्पती असेल तरच त्या वहीचा उपयोग होतो.

अंगावर पुरळ, लघवी गडद पिवळी, डोळ्यांत पिवळेपणा, उजव्या बरगडीखाली दुखणं, सततची मळमळ किंवा छातीत धडधड, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी औषध बंद आणि डॉक्टरांकडे. उलट्या थांबत नसतील, श्वास लागत असेल, माणूस बरळत असेल तर 108 ला फोन करा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. उरलेली पानं, मुळी किंवा डबी पिशवीत घालून रुग्णाबरोबर दवाखान्यात द्या.